मोठी यादी, लहान टेबल

मालाड पश्चिमेला, स्टेशनपासून पायी दहा मिनिटांवर असलेल्या एका शाळेतील विज्ञानाच्या बाईंचा मध्यंतरी आम्हांला फोन आला. शाळेला जोडून कनिष्ठ महाविद्यालय आहे. तेथील अकरावीच्या तीन विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी एक साधा प्रश्न निवडला होता : लिखित मराठीत सर्वांत जास्त वेळा येणारे शब्द कोणते? मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला आणि त्याचा सारा मजकूर कोणालाही उतरवून घेता येतो. त्याच्या जोडीला भाषासंशोधनासाठी खुले केलेले मराठी मजकुराचे इतर संग्रह घेऊन मुलांनी ‘एका ओळीत एक शब्द’ अशी एक भलीमोठी फाइल तयार केली. सुमारे २० कोटी ओळी, आकार ४ जीबी. शाळेतल्या संगणकाची मेमरी मात्र होती ५१२ एमबी, म्हणजे फाइलीच्या जेमतेम एक अष्टमांश.

मुलांनी प्रोग्राम लिहिला. सगळे शब्द मेमरीत घ्यायचे, त्यांची अकारविल्हे क्रमवारी लावायची आणि मग सारखे शब्द मोजायचे, असा त्यांचा सरळ विचार होता. संध्याकाळी प्रोग्राम सुरू केला. दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्कचा दिवा लुकलुकतच होता आणि माउस हलवला तर पडद्यावरचा बाण मिनिटभराने जागचा हलत होता. तिसऱ्या दिवशी मुलांनी नाइलाजाने बटण बंद केले.

बाई म्हणाल्या, “सर, तुमच्या ओळखीत कोणी नवा संगणक देणगी म्हणून देईल का? हा आता बाद झाला म्हणायचा.”

आम्ही म्हटले, “बाई, संगणकाला काही झालेले नाही. मुलांना पद्धत बदलायला सांगू या.”

ती पद्धत कोणती, हे या लेखात पाहू. ती समजायला संगणकाचे विशेष ज्ञान लागत नाही. किंबहुना, शिक्षकांनी ती कधी ना कधी स्वतःच्या हातांनी केलेली असते.

टेबल आणि कपाट

संगणकाची मेमरी म्हणजे आपले कामाचे टेबल असे समजा. टेबलावरचा कोणताही कागद हात लांबवला की मिळतो. डिस्क म्हणजे खोलीच्या कोपऱ्यातले कपाट. त्यात कागद पुष्कळ मावतात, पण एखादा कागद हवा असेल तर उठून जावे लागते, खण उघडावा लागतो आणि गठ्ठा काढावा लागतो.

मेमरी भरली म्हणून युनिक्स किंवा लिनक्स प्रणाली प्रोग्रामला लगेच नकार देत नाही. मेमरीतील काही भाग ती गुपचूप डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. थोडीफार ओढाताण असेल तेव्हा ही सोय फार उपयोगी पडते. परंतु टेबलाच्या आठपट कागद एकाच वेळी ‘टेबलावर आहेत’ असे समजून काम सुरू केले, की प्रत्येक तुलनेसाठी कपाटाकडे खेप पडू लागते. मुलांच्या संगणकावर लुकलुकणारा दिवा याच खेपांचा होता. प्रोग्राम चुकीचा नव्हता. त्याचा बहुतेक वेळ खेपांत जात होता, इतकेच.

या खेपा किती महाग पडतात, याचा हिशेब करू. जुन्या प्रकारच्या फिरत्या डिस्कमध्ये एक वाचक-दांडी असते. ती एका जागेवरून दुसऱ्या जागी नेऊन हवी ती माहिती दांडीखाली येईपर्यंत सुमारे एक शतांश सेकंद लागतो. आपल्याला हा वेळ क्षुल्लक वाटतो. पण २० कोटी ओळींपैकी प्रत्येकीसाठी एकदाच जरी अशी उडी मारावी लागली, तर २० लाख सेकंद होतात. म्हणजे २३ दिवस!

तीच ४ जीबीची फाइल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सलग वाचली तर? जुनी डिस्कही सेकंदाला ५० एमबी सहज वाचते. म्हणजे ८० सेकंद. डिस्क तीच आणि ओळीही त्याच, पण एका बाजूला २३ दिवस आणि दुसऱ्या बाजूला दीड मिनिटाहून कमी वेळ. डिस्क मंद नसते, डिस्कवरच्या उड्या मंद असतात. ही एक गोष्ट लक्षात ठेवली, की पुढचे सारे ओघाने येते. आजच्या नव्या चकतीविरहित डिस्कमध्ये दांडी नाही, त्यामुळे उड्या पुष्कळ स्वस्त झाल्या आहेत. तरीही सलग वाचणे त्यांनाही अधिक मानवते.

आता प्रश्न असा उरतो : उड्या न मारता, फक्त सलग वाचून आणि सलग लिहून क्रमवारी लावता येईल का?

उत्तरपत्रिकांचे गठ्ठे

समजा, आपल्यासमोर ४८० उत्तरपत्रिका आहेत. त्या बैठक क्रमांकाप्रमाणे लावायच्या आहेत. टेबल लहान आहे. एका वेळी साठच उत्तरपत्रिका पसरता येतात. आपण काय करतो?

पहिल्या साठ घेतो, टेबलावर पसरतो, क्रमाने लावतो, गठ्ठा बांधून जमिनीवर ठेवतो. मग पुढच्या साठ. असे आठ गठ्ठे होतात. प्रत्येक गठ्ठा आतून क्रमाने लागलेला असतो. पण पहिल्या गठ्ठ्यातील क्रमांक दुसऱ्यातल्यापेक्षा लहान असतीलच असे नाही. ते एकमेकांत मिसळलेले असतात.

दुसऱ्या फेरीत आठही गठ्ठे शेजारी शेजारी मांडायचे, प्रत्येकातील सर्वांत लहान क्रमांक वर ठेवून. आता सगळ्या ४८० उत्तरपत्रिकांतील सर्वांत लहान क्रमांक कुठे असेल? तो या आठ वरच्या उत्तरपत्रिकांपैकीच एक असला पाहिजे, कारण प्रत्येक गठ्ठ्यात त्याच्या वरच्या क्रमांकापेक्षा लहान काही नाही. तो उचलायचा आणि नव्या गठ्ठ्यात ठेवायचा. जिथून उचलला तिथली पुढची उत्तरपत्रिका आपोआप वर येते. पुन्हा आठांत लहान कोणता ते पाहायचे. असे ४८० वेळा केले की काम संपले.

यात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, दुसऱ्या फेरीत एका वेळी फक्त आठ उत्तरपत्रिकांकडे पाहावे लागले. साठ मावणाऱ्या टेबलाला आठ म्हणजे काहीच नाही. दुसरी अशी की, प्रत्येक गठ्ठा वरून खाली सलग संपत गेला. मधलीच उत्तरपत्रिका उपसून काढण्याची वेळ एकदाही आली नाही. आपल्याला उड्या टाळायच्या होत्या, त्या टळल्या. संगणकाच्या भाषेत या दुसऱ्या फेरीला मर्ज करणे म्हणतात. आपण तिला विलय म्हणू.

आठांत लहान कोणता, हे दर वेळी सात तुलना करून ठरवायची गरज नसते. कबड्डीच्या बाद फेरीसारखी आठ जणांची जोड्या-जोड्यांनी लढत लावली आणि निकाल मांडून ठेवले, तर विजेता उचलल्यावर त्याच्या जागी आलेल्या नव्या भिडूला फक्त तीन सामने खेळावे लागतात : पहिली जोडी, उपान्त्य आणि अंतिम. बाकीच्यांचे निकाल तसेच राहतात. गठ्ठे सोळा असतील तर चार सामने, बत्तीस असतील तर पाच. गठ्ठे दुप्पट झाले तरी काम एका सामन्यानेच वाढते.

फाइलीचे गणित

आता हाच हिशेब मुलांच्या फाइलीला लावू. ५१२ एमबीपैकी निम्मी मेमरी बाकीच्या कामांसाठी सोडून २५० एमबी क्रमवारीसाठी घेतली, असे धरू. ४००० ला २५० ने भागले की १६ येतात. म्हणजे फाइलीचे १६ तुकडे. प्रत्येक तुकडा मेमरीत घ्यायचा, लावायचा, डिस्कवर तात्पुरत्या फाइलीत सलग लिहायचा. मग १६ तुकड्यांचा विलय.

पहिल्या फेरीत ४ जीबी वाचायचे आणि ४ जीबी लिहायचे, म्हणजे १६० सेकंद. दुसऱ्या फेरीतही तितकेच. एकूण ३२० सेकंद. विलय करताना दर ओळीसाठी एका तुकड्याकडून दुसऱ्याकडे उडी मारायची नाही. २५० एमबीची वाटणी करून प्रत्येक तुकड्यातून एकदम १५ एमबी आणायचे आणि ते संपले की पुढचे १५. अशा उड्या सगळ्या मिळून पाच-साडेपाचशे, म्हणजे पाच-सहा सेकंदांचा खर्च. डिस्कचे काम साडेपाच मिनिटांत आटोपले. तुलना करायला प्रोसेसरला लागणारा वेळ त्यात मिळवायचा. तरी २३ दिवसांशी त्याची बरोबरी नाही.

प्रत्यक्षात तुकडे १६ हून अधिक होतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. मेमरीत नुसती ओळ ठेवून भागत नाही. ती कुठे सुरू होते, किती लांब आहे याची नोंदही ठेवावी लागते. ओळी लांब असतील तर हा खर्च जाणवत नाही. पण आपल्या ओळी सरासरी २० बाइटच्या, म्हणजे नोंदच ओळीपेक्षा मोठी होऊ शकते. अशा वेळी तुकड्यांची संख्या दुप्पट-तिप्पट होते. पद्धत मात्र बदलत नाही.

मग या पद्धतीला मर्यादा कोणती? विलयाच्या वेळी प्रत्येक तुकड्यासाठी टेबलावर थोडी जागा लागते. ती निदान एक एमबी असावी, असे ठरवू. मग २५० एमबीमध्ये सुमारे २५० तुकडे मावतात आणि प्रत्येक तुकडा २५० एमबीचा. गुणाकार केला तर सुमारे ६२ जीबी. इतकी मोठी फाइल त्याच जुन्या संगणकावर दोनच फेऱ्यांत लागू शकते. मेमरी दुप्पट केली तर ही मर्यादा चौपट होते, कारण तुकडेही मोठे होतात आणि मावणाऱ्या तुकड्यांची संख्याही वाढते. त्याहून मोठी फाइल असेल तर? तर आणखी एक फेरी.

ही युक्ती जुनी आहे

आज मेमरी स्वस्त झाली म्हणून अडचणीच्या दिवसांचा आपल्याला विसर पडतो. मालाडहून लोकलने चर्चगेट गाठले, की तिथून कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था फार दूर नाही. तिथे भारतीय शास्त्रज्ञांनी आणि अभियंत्यांनी स्वतः बांधलेला संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिले. त्याची मेमरी होती २०४८ शब्दांची आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा. गुणाकार-भागाकार करून पाहा : १०,२४० बाइट, म्हणजे फक्त १० केबी! आजच्या सांकेतिक पद्धतीने एका देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने टिफ्रॅकच्या सबंध मेमरीत जेमतेम ३४०० चिन्हे मावली असती. मुलांचा ‘बाद’ संगणक त्याच्या पन्नास हजारपट मोठ्या मेमरीचा आहे.

विलयाने क्रमवारी लावण्याचा प्रोग्राम जॉन फॉन नॉयमान यांनी १९४५ सालीच लिहिला होता, तोही जो संगणक अजून बांधून व्हायचा होता त्याच्यासाठी. पुढे माहिती चुंबकीय फितींवर साठवली जाऊ लागली. फीत तर सलगच वाचावी लागते. मधल्या एका नोंदीसाठी मागेपुढे गुंडाळत बसणे परवडत नाही. त्यामुळे विलय हाच राजमार्ग ठरला. डोनाल्ड क्नूथ यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात या पद्धतींचा फार बारकाईने विचार केला आहे.

युनिक्सचा जन्मही अशाच टंचाईत झाला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली सुरू झालेली ही प्रणाली १९७१ च्या सुमारास ज्या यंत्रावर चालत होती, त्याची मेमरी २४ केबी होती. त्यातील १६ केबी प्रणालीलाच लागत. उरलेल्या ८ केबीत माणसांनी आपले काम करायचे. १९७१ साली निघालेल्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेतच ‘सॉर्ट’ या आज्ञेची नोंद आहे. लहान टेबलावर मोठे काम कसे करावे, हे युनिक्सला बाळपणीच शिकावे लागले.

सॉर्ट ही आज्ञा

आज लिनक्स असलेल्या कोणत्याही संगणकावर सॉर्ट ही आज्ञा आयती मिळते. वर सांगितलेले सारे, म्हणजे तुकडे करणे, ते तात्पुरत्या फाइलींत ठेवणे आणि त्यांचा विलय करणे, ती न सांगता करते. तरी मेमरी कमी असेल तर चार गोष्टी आपण पाहाव्यात.

एक : टेबल केवढे वापरायचे ते सांगता येते. आज्ञेपुढे उणे चिन्ह, रोमन मोठे एस आणि २५० एम लिहिले की ती २५० एमबीच्या आसपास थांबते. सगळी मेमरी देण्याचा मोह टाळावा. संगणकाची मेमरी संपली, की पुन्हा त्या गुपचूप खेपा सुरू होतात आणि आपण मूळ पदावर येतो.

दोन : तात्पुरत्या फाइली कुठे ठेवायच्या तेही उणे चिन्ह आणि रोमन मोठे टी लिहून सांगता येते. नेहमीची जागा ‘टेम्प’ नावाच्या फोल्डरात असते. काही नव्या लिनक्स प्रणालींत हा फोल्डर डिस्कवर नसून मेमरीतच असतो. म्हणजे टेबल रिकामे करायला गठ्ठे खाली ठेवावेत, तर ते टेबलाखाली नव्हे, टेबलावरच! अशा वेळी डिस्कवरचा दुसरा फोल्डर दाखवून द्यावा. तिथे जागाही पुरेशी हवी. मूळ फाइल ४ जीबी, तुकडे ४ जीबी आणि उत्तर ४ जीबी, म्हणजे निदान १२ जीबीची तजवीज असावी.

तीन : प्रचलित ग्नू सॉर्ट एका वेळी मुळात १६ तुकड्यांचाच विलय करते. तुकडे चाळीस झाले तर आधी काहींचा विलय करून संख्या कमी करते आणि मग शेवटची फेरी घेते. हा आकडा वाढवता येतो, म्हणजे मधली फेरी वाचते. पण फार वाढवला तर प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला टेबलाची चिंचोळी पट्टी येते आणि उड्या वाढतात.

चार : उत्तर मूळ फाइलीच्याच नावाने बाणाच्या खुणेने लिहू नये. प्रणाली ती फाइल आधी कोरी करते आणि मग सॉर्टला वाचायला देते. तेव्हा वाचण्यासारखे काहीच उरलेले नसते. आमच्या विद्यार्थिदशेत एका महिन्याची निरीक्षणे आम्ही अशीच एका क्षणात घालवली होती. तेव्हापासून मूळ फाइलीची प्रत काढल्याशिवाय आम्ही आज्ञेला हात लावत नाही.

क्रमवारी लागली की सारखे शब्द शेजारी येतात. मग मोजणी अगदी सोपी होते : सलग वाचत जायचे आणि शब्द बदलला की आकडा लिहायचा. हे काम ‘युनिक’ ही दुसरी आज्ञा करते. शेवटी आकड्यांप्रमाणे उलटी क्रमवारी लावली की यादी तयार. ही दुसरी क्रमवारी लवकर होते, कारण आता प्रत्येक शब्द एकदाच उरलेला असतो. १९८६ साली एका संगणकविषयक मासिकात नेमका हाच शब्द मोजण्याचा प्रश्न क्नूथ यांना घातला होता. त्यांनी त्यासाठी एक सुंदर, सविस्तर प्रोग्राम लिहिला. त्याचे परीक्षण करताना डग्लस मॅकिलरॉय यांनी सॉर्ट आणि युनिक यांसारख्या तयार आज्ञा एकापुढे एक जोडून सहा ओळींत तेच उत्तर काढून दाखवले.

इथे एक शंका मुलांनी काढली आणि ती रास्त होती. “सगळे शब्द कशाला लावायचे? नवा शब्द आला की वहीत लिहावा, जुना आला की त्याच्यापुढे एक रेघ वाढवावी.” ती वही मेमरीत मावत असेल तर हा मार्ग खरोखरच चांगला. पण मराठीत एका घराचे घरी, घरात, घरातून, घराकडे, घरांमध्ये, घरच्यांना असे किती तरी शब्द होतात. वही किती मोठी होईल ते आधी सांगता येत नाही. क्रमवारीला मात्र तो अंदाज लागत नाही.

मालाड स्टेशनवरचे डबे

क्रमवारीची आणखी एक रीत आपल्या डोळ्यांसमोर आहे. सकाळी मालाडसारख्या उपनगरी स्टेशनवर डबेवाले घराघरांतून आणलेले डबे मांडतात आणि झाकणांवरच्या खुणा पाहून उतरण्याच्या स्टेशनाप्रमाणे ते वेगळे करतात. गाडीतून ते त्या स्टेशनावर पोहोचले की तिथे इमारत आणि मजला पाहून पुन्हा वाटणी होते. २०२० च्या टाळेबंदीनंतर डब्यांची संख्या बरीच घटली, पण रीत तीच आहे. सगळे डबे एकाच फलाटावर मांडायची गरज कधीच पडत नाही.

इथे विलय नाही, वाटणी आहे. आधी मोठी खूण पाहून ढीग करायचे, मग प्रत्येक ढीग बारीक खुणेने लावायचा. शब्दांचेही असे करता येईल : पहिल्या अक्षराप्रमाणे ढीग करायचे आणि एकेक ढीग मेमरीत लावायचा. अडचण एवढीच, की ढीग सारखे होत नाहीत. क, प, स यांचे ढीग डोंगराएवढे, झ आणि ढ यांचे मूठभर आणि ळ चा रिकामा, कारण ळ ने मराठी शब्द सुरूच होत नाही. डोंगरासारखा ढीग पुन्हा टेबलावर मावणार नाही. डबेवाल्याला कोणत्या स्टेशनचे डबे किती, हे रोजच्या सवयीने ठाऊक असते. अनोळखी फाइलीबद्दल आपल्याला ते ठाऊक नसते. विलयाच्या पद्धतीत तुकड्यांचा आकार आपण ठरवतो, ही तिची जमेची बाजू.

ळ कुठे बसतो?

मराठीच्या शिक्षकांनी या ठिकाणी थोडे थांबावे. ‘अकारविल्हे’ म्हणजे नेमके काय, हे संगणकाला उपजत समजत नाही. त्याच्या लेखी प्रत्येक अक्षर हा एक क्रमांक आहे. युनिकोड या जागतिक संकेतात ळ चा क्रमांक ल च्या लगेच पुढे येतो. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर आहे. त्यामुळे नुसत्या क्रमांकांनी लावलेल्या यादीत ‘काळ’ हा शब्द ‘काव’ च्या आधी येतो, तर शाळेत शिकवलेल्या वर्णक्रमाने तो ‘काह’ च्याही नंतर यायला हवा. क्ष आणि ज्ञ यांचेही तेच. संगणक त्यांना क आणि ज यांची जोडाक्षरे मानून त्या त्या अक्षरांखाली बसवतो.

यावर उपाय आहे. सॉर्टला कोणत्या भाषेच्या नियमांनी तुलना करायची ते सांगता येते. परंतु त्या नियमांनी तुलना करायला बराच जास्त वेळ लागतो. मुलांना फक्त मोजणी हवी होती, आणि सारखे शब्द शेजारी येणे एवढेच तिला पुरते. म्हणून त्यांनी साधी क्रमांकांची तुलना निवडली. शब्दसूची छापायची असती तर मराठी नियमच घ्यावे लागले असते.

याहून अवघड गोष्ट पुढे निघाली. यादीत ‘दुसऱ्या’ हा शब्द दोनदा आला, दोन वेगळ्या आकड्यांसह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसत. कारण असे की, यातील ऱ्य दोन प्रकारे लिहिता येतो : कोणी त्यासाठी नेमलेले वेगळे अक्षर वापरतो, तर कोणी साध्या र ला हलन्त जोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह देतो. डोळ्यांना एक दिसणारे शब्द संगणकाला दोन होते. ‘ॲ’ ची गतही तशीच. तेव्हा क्रमवारीच्या आधी लेखन एकसारखे करून घेणे, ही आणखी एक फेरी मुलांना करावी लागली. ती मात्र सलग वाचून होते, तिला मेमरी लागत नाही.

वर्गात करून पाहा

संगणक नसला तरी हा प्रयोग एका तासिकेत होतो. कागदाच्या ६४ चिठ्ठ्या करून त्यांवर कोणतेही वेगवेगळे क्रमांक घाला आणि त्या पिसून ठेवा. नियम एकच : बाकावर एका वेळी ठरावीक चिठ्ठ्याच उघड्या असाव्यात. बाकीच्या पालथ्या. एक विद्यार्थी प्रत्येक चिठ्ठी किती वेळा उचलली याची नोंद ठेवील.

पहिल्या गटाला आठ चिठ्ठ्यांची परवानगी द्या. आठ-आठांचे आठ गठ्ठे आणि मग आठांचा विलय. दोन फेऱ्या, म्हणजे १२८ उचलण्या. दुसऱ्या गटाला चारच चिठ्ठ्या द्या. चार-चारांचे सोळा गठ्ठे, चार-चार गठ्ठ्यांचे विलय होऊन चार मोठे गठ्ठे आणि शेवटी त्या चारांचा विलय. तीन फेऱ्या, १९२ उचलण्या. तिसऱ्या गटाला फक्त दोन. त्यांना सहा फेऱ्या लागतील, ३८४ उचलण्या.

आता मुलांना विचारा : सगळ्या ६४ चिठ्ठ्या एकदम उघड्या ठेवू दिल्या असत्या तर एक फेरी पुरली असती. जागा आठवा हिस्सा झाली तेव्हा काम आठपट झाले का? नाही, दुप्पट झाले. सोळावा हिस्सा झाली तेव्हा? तिप्पट. जागा झपाट्याने घटते, काम मात्र सावकाश वाढते. हे उत्तर मुलांनी स्वतःच्या नोंदींवरून काढावे. आपण आधी सांगू नये.

मालाडच्या शाळेत आम्ही आधी हा चिठ्ठ्यांचा खेळच केला आणि मग मुलांना संगणकाकडे जाऊ दिले. सॉर्ट सुरू झाली. डिस्कचा दिवा या वेळी लुकलुकला नाही. स्थिर पेटून राहिला. पाऊण तासाने क्रमवारी लागलेली फाइल तयार होती. मोजणी आणि दुसरी क्रमवारी झाल्यावर ‘आहे’, ‘आणि’, ‘या’ अशी ओळखीची मंडळी यादीच्या माथ्यावर येऊन बसली. उत्तर काही धक्कादायक नव्हते. बाईंना त्याहून महत्त्वाचे वाटले ते वेगळेच. ज्या संगणकाला त्या बाद ठरवणार होत्या, तो प्रयोगशाळेत त्याच जागी राहिला आणि त्याच्यावर आता चौथ्या मुलाने हक्क सांगितला आहे. त्याला शाळेच्या ग्रंथालयाची जुनी नोंदवही उतरवून वर्णक्रमाने लावायची आहे. ळ ह च्या नंतर घेऊन.